वर्गाबाहेरची पदवी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाची मनापासून ऋणी आहे. या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांना मी समोरच्या सतरंजीवर बसून ऐकले आहे. मी स्वतः विदुषी नव्हे. भिलाईत टंकलेखिका म्हणून नोकरीस लागले, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. परंतु एका विषयावर स्वानुभवाने चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी नम्रपणे समजते. तो विषय म्हणजे नोकरी आणि मुले सांभाळून, महाविद्यालयाची पायरी न चढता, केवळ परीक्षांच्या बळावर पुरी केलेली पदवी.

हा विषय आजच का सुचला, ते आधी सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात असते. नागपूरला बी.एस्सी.ची दोन वर्षे झाली आणि लग्न ठरले. तिसरे वर्ष राहून गेले. तिकडे दोन मुले झाली. काम करण्याचा परवाना मिळाल्यावर ती एका शाळेत साहाय्यिका म्हणून लागली. मात्र शिक्षिका व्हायचे तर पदवी हवी, आणि पदवीसाठी रोज वर्गात बसायचे तर नोकरी सोडावी लागणार, मुले कोणाकडे ठेवायची हा प्रश्न वेगळाच. अशा अवस्थेत तिने पाच वर्षे घालवून पदवी मिळवली आणि २०२३ साली एके दिवशी पहाटे मला दूरध्वनी केला. ‘‘मावशी, एकशेवीस पूर्ण झाले,’’ एवढेच ती म्हणाली, आणि पुढे दोघींनाही बोलता आले नाही.

हे एकशेवीस म्हणजे काय, हे समजल्यावाचून पुढची गोष्ट समजणार नाही. अमेरिकेतील महाविद्यालयांत शिक्षणाचे माप क्रेडिटमध्ये, म्हणजे आपण ज्याला आता श्रेयांक म्हणू लागलो आहोत त्यात, होते. आठवड्याला एक तास याप्रमाणे एक सत्रभर वर्गात शिकले की सामान्यतः एक श्रेयांक. बहुतेक विषय तीन श्रेयांकांचे असतात आणि पदवीसाठी सुमारे एकशेवीस श्रेयांक लागतात. या मापाचा उगम मोठा मौजेचा आहे. प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्याच्या हेतूने १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून एक प्रतिष्ठान स्थापन झाले. ज्या महाविद्यालयांना त्या निधीचा लाभ हवा असेल, त्यांनी प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाचे ठरावीक तास मोजावेत, अशी अट प्रतिष्ठानाने घातली. तेथून तासांनी शिक्षण मोजण्याची रीत रूढ झाली आणि पुढे महाविद्यालयांतही स्थिरावली. म्हणजे शिक्षकांच्या उतारवयाच्या तरतुदीतून विद्यार्थ्यांच्या ज्ञानाचा मापदंड निघाला!

तासांचे माप व्यवस्थेला सोयीचे असते यात शंका नाही. परंतु ज्याला तो विषय आधीच येतो, किंवा जो घरी बसून शिकू शकतो, त्याने तेवढे तास वर्गात का बसावे? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून अमेरिकेतील कॉलेज बोर्ड या संस्थेने १९६७ साली एक परीक्षायोजना सुरू केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘क्लेप’ म्हणतात. आज तीत चौतीस विषय आहेत. बहुतेक परीक्षा दीड तासाच्या, संगणकावर द्यायच्या आणि पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या. गुण वीस ते ऐंशी या मोजपट्टीवर मिळतात. पन्नास गुण मिळाल्यास श्रेयांक द्यावेत, अशी तेथील अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या शिखर संस्थेची शिफारस आहे. अर्थात ती शिफारसच. स्वीकारणे न स्वीकारणे त्या त्या महाविद्यालयाच्या हाती.

या परीक्षांना पदवीपर्यंत नेणाऱ्या संस्थाही त्याच सुमारास उभ्या राहिल्या. न्यूयॉर्क राज्यात १९७१ साली बहिःस्थ पदवीची योजना सुरू झाली. तिचेच आजचे रूप म्हणजे एक्सेलसिअर विद्यापीठ. न्यू जर्सीत १९७२ साली थॉमस एडिसन यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले आणि कनेक्टिकट राज्यात १९७३ साली चार्टर ओक. तिन्ही संस्था प्रामुख्याने प्रौढ, कमावत्या विद्यार्थ्यांसाठी निघाल्या. ज्या एडिसनचे शालेय शिक्षण काही महिन्यांत आटोपले आणि ज्याला त्याच्या आईने घरी शिकवले, त्याचे नाव अशा संस्थेला द्यावे, यात औचित्य आहे.

माझ्या भाचीने ट्रेंटन शहरातल्या याच थॉमस एडिसन विद्यापीठात नाव नोंदवले. नागपूरच्या दोन वर्षांचे मूल्यमापन होऊन काही श्रेयांक खात्यावर पडले. मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, बीजगणित अशा सात विषयांच्या परीक्षा तिने घरी अभ्यास करून दिल्या. उरलेले विषय, आणि शेवटचा एक जो विद्यापीठातूनच करावा लागतो तो, तिने दूरस्थ पद्धतीने पुरे केले. परीक्षा घरी बसूनही देता येते, परंतु त्यासाठी खोलीत दुसरे कोणी असता कामा नये, असा नियम आहे. ‘‘मावशी, दाराला कडी लावली तरी धाकटा बाहेरून दार वाजवत राहील,’’ असे म्हणून ती प्रत्येक वेळी परीक्षाकेंद्रावर गेली. बीजगणितात तिला सत्तेचाळीस गुण मिळाले. निकाल त्याच क्षणी पडद्यावर दिसतो. पुन्हा बसायचे तर तीन महिने थांबावे लागते. गाडीत बसून ती अर्धा तास रडली आणि मग मुलाला घ्यायला शाळेत गेली.

हे ऐकताना मला माझे १९८६ साल आठवले. अंतर सातासमुद्रांचे आणि काळाचे. पण त्या गाडीत जणू मीच बसले होते.

वस्तुतः परीक्षेने पदवी देण्याची कल्पना अमेरिकेची नव्हे, आणि नवीही नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली वैद्यकशाखा वगळता आपल्या परीक्षा महाविद्यालयात न गेलेल्यांनाही खुल्या केल्या. शाळामास्तर, कारकून, वसाहतींत विखुरलेले लोक त्या परीक्षा देऊ लागले. १८७८ साली तेथील पदव्या स्त्रियांनाही मिळू लागल्या. आपल्याकडे १८५७ साली स्थापन झालेली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे लंडनच्याच धर्तीची, म्हणजे मूलतः परीक्षा घेणारी होती. परंतु आपल्याकडे परीक्षा विद्यापीठाची असली तरी टर्म मात्र महाविद्यालयात भरावी लागे. ‘टर्म भरणे’ हा शब्दप्रयोग आपल्या मागच्या पिढ्यांच्या तोंडी होता, तो यामुळेच. पुढे शतकभराने ही अट ठिकठिकाणी सैल झाली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. आणि ज्या मध्य प्रदेशात तेव्हा आपले भिलाई होते, तेथील विद्यापीठांत ‘स्वाध्यायी’ परीक्षार्थी म्हणून बसण्याची सोय होती.

स्वाध्यायी! हा शब्द मला तेव्हाही आवडत असे. लोक ‘प्राइवेट’ म्हणत आणि त्या म्हणण्यात किंचित उणेपणा असे. पण अर्जावर छापलेला शब्द ‘स्वाध्यायी’ असे. आपला आपण अभ्यास करणारा.

मी १९७३ साली लग्न होऊन अमरावतीहून भिलाईत आले. महाविद्यालयाचे एकच वर्ष झाले होते. १९७४ साली मुलगी झाली, १९७९ साली मुलगा. मधल्या काळात टंकलेखन शिकले आणि नोकरी लागली. वरच्या श्रेणीत जायचे तर पदवी हवी, असा नियम होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुली पदवीच्या बळावर माझ्या पुढे गेल्या, तेव्हा मनाने घेतले. रायपूरच्या रविशंकर विद्यापीठाचा स्वाध्यायी अर्ज भरला. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे विषय घेतले; माध्यम हिंदी. वर्षातून एकदा परीक्षा, तीन वर्षे. विद्यापीठाने मला काय दिले? शुल्काची पावती, अभ्यासक्रमाची पुस्तिका, प्रवेशपत्र आणि तीन तासांची प्रश्नपत्रिका. ही तक्रार नव्हे. तेवढे दिले म्हणूनच मी परीक्षेला बसू शकले. पण त्या यादीत एक गोष्ट नव्हती, आणि ती कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. ती म्हणजे वेळ.

मंडळी, माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे. परीक्षेने मिळणारी पदवी विद्यार्थ्याला वर्गाच्या तासांतून मुक्त करते. परंतु ते तास नाहीसे होत नाहीत. ते घरातून काढावे लागतात. कोणाच्या तरी झोपेतून, कोणाच्या तरी जेवणातून, कोणाच्या तरी खेळातून.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक पदविकाधारक अभियंते राहत. कारखान्यात पाळीची नोकरी करून ते ए.एम.आय.ई.च्या परीक्षा देत होते. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० साली स्थापन झालेली आपल्या देशातील अभियंत्यांची संस्था. तिच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन विभागांच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यास नोकरीच्या दृष्टीने ती पात्रता अभियांत्रिकी पदवीच्या तोडीची मानली जाई. आपल्या या पोलादनगरीत किती घरांतले दिवे त्या परीक्षेसाठी रात्री जळले असतील, याची गणती नाही. आजच्या सभेतही त्यांतले काही चेहरे मला दिसत आहेत. तर हे शेजारी रात्रपाळीहून येत, चार तास झोपत आणि पुस्तक उघडत. त्या वेळी त्यांच्या घरात शांतता असे. वहिनी मुलांना अंगणात काढीत आणि बजावीत, ‘‘गडबड करायची नाही, बाबा अभ्यास करताहेत.’’ आमची मुलेसुद्धा त्या अंगणात आवाज खाली करून खेळत.

त्याच भिंतीच्या अलीकडे, त्याच विश्वासाने, मीही पुस्तक उघडी. पण ‘‘गडबड करायची नाही, आई अभ्यास करते आहे,’’ हे वाक्य माझ्या घरात वर्षभर कोणी उच्चारले नाही. कोणी मुद्दाम उच्चारले नाही असे नव्हे. ते वाक्य असू शकते, हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. मी पहाटे साडेतीनला उठत असे, कारण त्या वेळी कोणी मला हाक मारीत नसे. स्वयंपाकाच्या ओट्यावर वही उभी करून पोळ्या लाटताना मुद्दे पाठ करीत असे. त्या वह्यांच्या पानांवर अजून तेलाचे डाग आहेत.

दुसऱ्या वर्षी, १९८६ साली, इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या रात्री मुलाला ताप भरला. रात्रभर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. सकाळी त्याला शेजारच्या वहिनींच्या स्वाधीन करून परीक्षेला गेले. प्रश्न समोर होता, पण डोळ्यांपुढे थर्मामीटर. त्या विषयात मी अनुत्तीर्ण झाले. पूरक परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली, तीन महिन्यांनी. माझ्या भाचीचे ते सत्तेचाळीस गुण आणि माझी ती पूरक, ही एकाच कुळातली दोन नावे आहेत.

त्या रात्रीनंतर माझे यजमान प्रथमच गंभीरपणे म्हणाले, ‘‘तुला नेमके काय हवे आहे?’’ मी म्हटले, ‘‘आठवड्यातून दोन तास. दिवसाउजेडी. सलग. कोणी हाक न मारता.’’ केवढी ही मागणी! आज तिचे मला हसू येते. पण तेव्हा ती उच्चारायला मला दीड वर्ष लागले होते.

आणि इथे या मंडळाचा माझ्या पदवीशी संबंध येतो. त्या काळी मंडळाचा बालवर्ग रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात भरत असे. श्लोक, गोष्टी, मराठी लेखन-वाचन आणि शेवटी लंगडी. परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना मातृभाषेची ओळख राहावी, हा त्यामागचा उद्देश. यजमान दोन्ही मुलांना तिथे आणून सोडीत आणि वर्ग सुटल्यावर परस्पर मैत्रीबागेत नेत. मी मात्र मागच्या ग्रंथालयाच्या खोलीत बसे. खोली रविवारी बंद असे. पण तेव्हाच्या कार्यवाहांनी काही न विचारता किल्ली माझ्या हाती ठेवली होती. दाराच्या फटीतून मुलांचे श्लोक ऐकू येत आणि मी भारतीय राज्यघटनेतील मूलभूत अधिकार वाचीत असे. मंडळाच्या इतिवृत्तात त्या बालवर्गाची नोंद ‘बालविभागाचे कार्य’ अशी आहे. ती अपुरी आहे. त्या दोन तासांत इथे एक महाविद्यालयही चालत असे, आणि त्याची विद्यार्थिनी मी एकटी होते.

१९८७ साली मी बी.ए. झाले. द्वितीय श्रेणी. इथे गोष्ट संपवली तर ऐकायला गोड वाटेल. पण ती पुरती खरी होणार नाही. त्याच वर्षी माझी मुलगी आठवीत होती. माझी अंतिम परीक्षा आणि तिची वार्षिक परीक्षा एकाच हंगामात आल्या. तीन महिने सकाळचा चहा, धाकट्याचा डबा आणि संध्याकाळची भाजी तिने सांभाळली. मी तिला तसे सांगितले नव्हते. पण नकोही म्हटले नाही. गणितात तिला जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते गुण पडले. आदल्या वर्षी त्याच विषयात ती वर्गात दुसरी होती. गुणपत्रिका माझ्यासमोर ठेवून ती काही बोलली नाही. माझी गुणपत्रिका आली तेव्हा मात्र तिने ती सगळ्या शेजाऱ्यांना नेऊन दाखवली. पुढे तिचे सारे उत्तम झाले. ती आज बँकेत अधिकारी आहे आणि ही गोष्ट सांगण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तरीही ते तीन महिने माझ्या हिशेबात तिचे देणे म्हणूनच राहिले. नोकरी करून शिकणाऱ्या आईबापांचे कौतुक करताना आपण मुलांचा वाटा विसरतो. तास घरातून काढावे लागतात, असे मी म्हटले, ते याच अर्थाने. ते कोणाकडून निघाले याचा हिशेब ठेवला पाहिजे, आणि शक्य तर ते लहानांकडून निघू नयेत याची काळजी घेतली पाहिजे.

पदवीने मला काय दिले, हेही विचारले जाते. बढती मिळाली, पण दोन वर्षे उशिराने. पगारातला फरक फार नव्हता. मुलाच्या शाळेच्या अर्जावर ‘मातेचे शिक्षण’ असा एक रकाना असे. तो मी पूर्वी घाईघाईने भरीत असे. त्यानंतर सावकाश भरू लागले. याहून अधिक मी सांगत नाही.

ही झाली मागची कथा. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे आणि ती तरुण मंडळींनी जाणून घ्यावी. हैदराबादला १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. २०१७ साली केंद्र शासनाने ‘स्वयम्’ नावाचे व्यासपीठ सुरू केले. त्यावर घरी बसून विनामूल्य शिकता येते. शुल्क पडते ते बहुधा परीक्षेपुरते. विद्यापीठाची मान्यता असेल तर पदवीच्या अभ्यासक्रमातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे विषय या मार्गाने करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली मुभा दिली आहे. त्याच वर्षी श्रेयांकांची एक पेढीही निघाली. बँकेत पैसे ठेवावेत तसे मिळवलेले श्रेयांक तीत विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात, कमाल सात वर्षे. एका वर्षी बाळंतपण आले, दुसऱ्या वर्षी बदली झाली, तरी आधीचे केलेले वाया जात नाही. आमच्या वेळी वर्ष बुडाले की ते बुडालेच. ज्याला अमेरिकेत पाच-सहा दशकांपूर्वी सुरुवात झाली, ते आपल्या पद्धतीने आता आपल्या दारी येत आहे.

मात्र या वाटेवर तीन ठिकाणी पाय घसरतो. तीही ठिकाणे दाखवून ठेवते.

पहिले असे की, परीक्षा देण्यापूर्वी ती कोण स्वीकारणार हे विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. अमेरिकेतसुद्धा एका महाविद्यालयात चालणारी परीक्षा दुसरीकडे चालेलच असे नाही. परीक्षेने किती श्रेयांक घेता येतील, यालाही कित्येक ठिकाणी मर्यादा आहे. आपल्याकडचे उदाहरण ए.एम.आय.ई.चेच घ्या. ज्यांनी ३१ मे २०१३पर्यंत नोंदणी केली, त्यांच्याच पात्रतेला पदवीशी समकक्ष मानण्याचा निर्णय शासनाने केला. नियम बदलतात. शेजारच्या काकांनी केले म्हणून आपले चालेल, असे समजू नये.

दुसरे म्हणजे, ‘एका वर्षात घरबसल्या पदवी’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हावे. परीक्षेने मिळणारी पदवी आणि विकत मिळणारी पदवी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बोगस विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग जाहीर करीत असतो आणि दूरस्थ शिक्षणाला मान्यता असलेल्या संस्थांची यादीही त्याच्याकडे मिळते. शुल्क भरण्यापूर्वी दोन्ही याद्या पाहाव्यात. कष्टाळू माणूसच अशा जाळ्यात अधिक सापडतो, कारण त्याच्याजवळ वेळ नसतो.

तिसरी गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे. परीक्षा सर्व काही मोजत नाही. मी अर्थशास्त्राची पदवीधर झाले. पण चर्चेत माझे म्हणणे खोडून काढणारा प्राध्यापक मला कधी लाभला नाही, बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण लाभली नाही. प्रयोगशाळेचे विषय तर या मार्गाने होतच नाहीत म्हटले तरी चालेल. ज्याला नियमित महाविद्यालय शक्य आहे, त्याने ते सोडून या वाटेला येऊ नये. ज्याला ते शक्य नाही, त्याने मात्र या वाटेला दुय्यम समजू नये. वर्गात किती बसलात याऐवजी काय येते एवढेच विचारणारी ही व्यवस्था आहे. ज्याचे दिवसाचे तास दुसऱ्यांचे आहेत, त्याला याहून न्याय्य प्रश्न कोण विचारणार?

आता शेवटचे, आणि ज्यासाठी मी हे निमंत्रण स्वीकारले ते.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने नव्या सभागृहाची योजना आखली आहे. ती सिद्धीस जावो. परंतु मागची ग्रंथालयाची खोली अजून आहे, कपाटे आहेत, आणि रविवारी ती अजूनही बंदच असते. बालवर्ग मात्र काही वर्षांपूर्वी मुलांअभावी थांबला. हे व्याख्यान ठरल्यानंतर मी आपल्या सभासद कुटुंबांतल्या काही सुना-मुलींशी बोलले. कोणाचे बी.कॉम.चे शेवटचे वर्ष राहिले आहे, कोणाचे बी.एड. करायचे आहे, एकीने मुक्त विद्यापीठात दोनदा नाव घातले आणि दोनदा परीक्षेचा अर्ज भरला नाही. एक तरुण वडीलही आहेत. पत्नीची नोकरी परगावी, मूल त्यांच्याजवळ, आणि पदविकेवरून पदवीकडे जायची इच्छा. पुस्तके सर्वांकडे आहेत. शिकवणारे तर आता हातातल्या फोनवर आहेत. मी प्रत्येकाला विचारले, ‘‘अडते कुठे?’’ उत्तर एकच आले. मला ते तोंडपाठ होते.

म्हणून माझी मंडळाला प्रार्थना आहे. देणगी नको, समिती नको, उद्घाटनही नको. रविवारी सकाळी नऊ ते अकरा ग्रंथालयाची खोली शिकणाऱ्या आईबापांसाठी उघडी ठेवावी आणि त्याच वेळी बाहेरच्या दालनात त्यांची मुले आपण ज्येष्ठांनी सांभाळावीत. श्लोक येतात, गोष्टी येतात. लंगडी आता आपल्याच्याने होणार नाही, ती मुले आपसांत खेळतील. निवृत्त माणसांजवळ काय असते, काय नसते, याचा पुष्कळ विनोद होतो. पण या शिकणाऱ्यांजवळ जे नाही तेच नेमके आपल्याजवळ आहे.

कार्यवाहांनी अनुमती दिल्यास येत्या रविवारपासून आरंभ करता येईल. पहिल्या रविवारी मुलांपाशी मी बसेन. दुसऱ्या रविवारी कोणी बसायचे, ते आज जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावे.